रोप हलवताना

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आपल्या वाड्यांत, उकिरड्याच्या कडेला किंवा न्हाणीच्या सांडपाण्यापाशी, लाल भोपळ्याची रोपे आपसूक उगवतात. ती कोणी लावलेली नसतात. स्वयंपाकघरातून टाकलेल्या बियांची ती करामत! जागा मात्र बहुधा चुकीची असते, कधी येण्याजाण्याच्या वाटेवर, कधी पागोळ्यांखाली. तिथे राहिले तर ते पायाखाली जाईल किंवा कुजेल, म्हणून घरातले कोणीतरी ते उचलून कुंपणापाशी नेऊन लावते. काम साधे आहे, पण त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याला त्याच्या जागेवरून हलवण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

रोपाला विचारता येत नाही. त्यामुळे सगळी जबाबदारी उचलणाऱ्या हातावर येते, आणि जाणत्या माणसाचा हात ती ओळखून असतो. मिरची-वांग्याचे रोप वाफ्यातून उपटून दुसरीकडे लावले तरी ते सहसा तग धरते. भोपळा, दुधी, काकडी यांचे तसे नाही. त्यांची मुळे नाजूक, एकदा तुटली की लवकर सावरत नाहीत. म्हणून पहिल्या दोन जाड पानांनंतर एक-दोन खरी पाने आली की तेवढ्यातच रोप हलवावे. नवा खड्डा आधी तयार ठेवावा. माती ओली करून, खुरपे जरा लांबून आणि खोल घालून, रोप मातीच्या गोळ्यासकट उचलावे. वेळ संध्याकाळची किंवा ढगाळ दिवसाची बरी. पहिल्या जागी ते जेवढे खोल होते, तेवढेच इथेही ठेवावे. दोन-तीन दिवस सावली करावी. त्या दिवसांत ते मान टाकते, पण म्हणून ते मेले असे नव्हे. आमच्याकडची काही उतावळी मंडळी मूळ धरले का ते उपटून बघतात, त्यांना काय म्हणावे!

वेल मोठा झाला की मात्र तो उपटून हलवण्याचा विचार सोडावा. पण तो वळवता येतो. जमिनीवर पसरलेल्या वेलाच्या पेरांना ओली माती लागली की तिथे नवी मुळे फुटतात. शेंडा हव्या त्या बाजूला न्यायचा, पेरावर मूठभर माती टाकायची आणि वाट पाहायची. जुने मूळ जागेवर राहते, आणि वेल हळूहळू नव्या जागी पोहोचतो.

आता माणसांकडे येऊ. दहिसर-मीरा-भाईंदर मेट्रोची कारशेड राई, मुर्धे, मोर्वा या गावांत होणार असे ठरले होते, तेव्हा घरे आणि जमिनी जाणार म्हणून इथल्या लोकांनी विरोध केला. पुढे ती डोंगरीकडे नेण्याचे ठरले आणि तिथल्या झाडांचा प्रश्न उभा राहिला. तो वाद इथे उकरून काढायचा नाही. पण घर हलणार म्हटल्यावर आपल्या पोटात जे कालवले ते आठवावे. शहराचे भले होणार आहे, मोबदला मिळणार आहे, हे सारे ऐकूनही आपला पहिला सवाल एकच होता : आम्हाला विचारलेत का?

तोच सवाल आपल्या घरातली म्हातारी माणसे आपल्याला करतात का? बहुतेक करत नाहीत. गावातले कौलारू घर सोडून त्यांना मुलाच्या फ्लॅटमध्ये नेले जाते. कारणे खरी असतात. जिना चढवत नाही, रात्री पडली तर जवळ कोणी नाही, डॉक्टर लांब. अशा वेळी हलवणे योग्यच असू शकते, आणि विचारले तर ती नाहीच म्हणणार हेही ठाऊक असते. म्हणून मग सांगितले जाते, ‘‘आई, चार दिवसांसाठी चल.’’ चार दिवसांचे चार महिने होतात, आणि घराचा सौदा झाल्याचे तिला शेजारणीकडून कळते. माझ्या मते इथे चूक हलवण्यात नाही, त्या ‘चार दिवसां’त आहे. रोपाला विचारता येत नव्हते. आईला विचारता येत होते, पण आपण तिला रोप केले.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात प्रभू येशू पेत्राला म्हातारपणाविषयी सांगतो. तू हात पसरशील आणि दुसरा कोणी तुला नको तिथे नेईल, असा त्याचा आशय. शुभवर्तमानकार हे पेत्राच्या मरणाविषयी असल्याचे म्हणतो. तरी मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटते. प्रभूने ते पेत्रापासून लपवले नाही, तोंडावर सांगितले.

खरे सांगितल्यावर आई रडेल, रागावेल, दोन दिवस जेवणार नाही. ते सोसावे लागेल. मग मातीचा गोळाही सोबत न्यावा. तिचा पाटा, तिची पेटी, तिचा अल्तार आणि त्यावरची जुनी तसबीर, फ्लॅटच्या भिंतीला शोभो न शोभो. रविवारी मिस्साला तिला गावच्या देवळात आणावे, मिस्सानंतर शेजारणींपाशी तासभर बसू द्यावे. आणि जुने घर उभे असेतोवर त्याची किल्ली तिच्याच पिशवीत राहू द्यावी.