आजचं मनन: ज्याचं पाऊल उमटतं तो देव

वाचन: योहान २०:२४-२९

प्रियांनो, थोमा जखमा पाहतो आणि येशूला थेट देव म्हणून हाक मारतो. तिसऱ्या शतकातल्या ‘थोमाची कृत्ये’ या पवित्र शास्त्राबाहेरच्या ग्रंथात हाच थोमा भारतात येतो, तुरुंगात पडतो आणि तिथे येशूचीच प्रार्थना करतो. नायसियाची परिषद भरली ३२५ साली. म्हणजे परिषदेने ठराव करण्याआधीच लोक येशूला देव मानून गुडघे टेकत होते.

‘योहानाची कृत्ये’ मात्र वेगळंच सांगतात. तिथे प्रभू चालतो, पण जमिनीवर पाऊल उमटत नाही. वधस्तंभावरचं दुःखही लोकांना दिसतं तेवढंच. देव आहे, तर त्याला दुखेल कसं? लॉजिक क्लिअर आहे. पण मग रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर बसलेल्याने कोणाला हाक मारायची? ज्याला वेदना माहीतच नाही, त्याला?

थोमाने देव ओळखला तो खिळ्यांच्या खुणांवरून. मला वाटतं, दुःखात पूर्ण उतरूनही प्रेम न सोडणं, हेच त्याचं देवपण.

आज प्रार्थनेत आपलं दुखणं लपवू नका. त्याला ते कळतं. आमेन.