'देही' या शब्दाखाली एक टीप

योहानाच्या शुभवर्तमानातला पहिला अध्याय नाताळाच्या दिवशी चर्चमध्ये वाचला जातो. आरंभापासून देवाजवळ असलेला 'शब्द' पुढे काय झाला, हे त्याच्या चौदाव्या वचनात सांगितले आहे, आणि आपल्याकडच्या रुळलेल्या मराठी बायबलात तिथे 'देही' असे आले आहे. हा शब्द मला खटकतो, कारण तो मराठी कानाला फारच सोयीचा आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला देही म्हणजे देहाचा धनी. जुनी वस्त्रे टाकून नवी घालावीत तसा तो देह बदलतो; तो भिजत नाही, जळत नाही, मरत नाही. कीर्तन-पारायणात वाढलेल्या माणसाला 'देही' म्हटले की देहापासून अलिप्त असा कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. मूळ ग्रीकमध्ये मात्र 'सार्क्स' आहे. सार्क्स म्हणजे मांस. ठेच लागली की रक्ताळणारे, तापाने फणफणणारे, शेवटी कुजणारे. 'देही'चा 'देह असलेला' असा साधा अर्थही होतो आणि भाषांतरकारांना तोच अभिप्रेत असणार, हे मान्य. पण शब्द चालतात ते ऐकणाऱ्याच्या कानातल्या अर्थाने.

वाक्याच्या पहिल्या भागाशी आपले भांडण नाही. ग्रीक 'लोगोस'ला लांबलचक वंशावळ आहे. हेराक्लाइटसपासून स्टोइकांपर्यंत विश्वाला धरून ठेवणारी बुद्धी, सुसंगती, असा त्याचा अर्थ. अलेक्झांड्रियाच्या फिलो या ज्यू विचारवंताने, जो येशूचा समकालीन होता, तोच लोगोस देव आणि सृष्टी यांच्यामधला दुवा मानला. मराठी 'शब्द'मध्ये ही बुद्धी फारशी ऐकू येत नाही. दुसरे काहीतरी मात्र ऐकू येते: आपण शब्द देतो, शब्द पाळतो, शब्दाला जागतो. हिब्रू 'दाबार', म्हणजे बोललेले आणि करून दाखवलेले यांत फट नसलेले वचन, त्याच्या हा मराठी शब्द ग्रीकपेक्षा जवळचा आहे. शिवाय पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानदेव आपल्या ग्रंथाचा आरंभच गणेशाला शब्दब्रह्म म्हणून वंदून करतात. तेव्हा शब्द हाच देव, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. अडते ते मांसापाशी.

पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांचेही तिथेच अडले होते. ख्रिस्त देव होता याविषयी ज्यांना शंकाच नव्हती, अशांपैकी काहींना तो खरोखर माणूस होता हे पटेना. भूक, घाम, वेदना हा सगळा भास, असे ते म्हणत. ग्रीकमधल्या 'भासणे' या क्रियापदावरूनच त्यांना डोसेटिस्ट हे नाव पडले. योहानाच्या नावावरच्या पत्रांत त्यांच्याविरुद्ध कडक इशारा आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला श्वापदांपुढे टाकण्यासाठी साखळदंडात रोमला नेत होते. वाटेत लिहिलेल्या पत्रांत त्याने विचारले आहे की ख्रिस्ताचे भोगणे जर नुसता भासच असेल, तर मग मी या बेड्या कशासाठी वागवतो आहे? मला हा प्रश्न कुठल्याही धर्मपरिषदेच्या ठरावापेक्षा मोठा वाटतो.

आपल्या बोलीत सांगायचे तर हा वाद सोंगाचा आहे. सोंग वठले तरी सोंगाड्या निराळाच राहतो. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, दशावतार लेण्यात, वरच्या मजल्यावर चढून नरसिंहासमोर उभे राहावे. हिरण्यकशिपूच्या अंगावर तो असा आला आहे की दगडातही झेप दिसते. कामापुरते रूप, काम झाले की रूप संपले. नरसिंहाचे बालपण कुणी विचारत नाही, त्याला दमा होता का हेही विचारत नाही. विचारणे हास्यास्पद ठरेल. कृष्णाला जरा नावाच्या व्याधाचा बाण लागतो हे खरे, पण तिथेही भाविक समजतो की बाण देहाला लागला. इरेनियस या दुसऱ्या शतकातल्या धर्माचार्याचा आग्रह नेमका उलटा. ख्रिस्ताने बाळपण, कुमारवय, तारुण्य ही प्रत्येक अवस्था भोगून पवित्र केली, असे तो मांडतो. आणि या ओघात येशूला पन्नाशीजवळ नेऊन ठेवतो. इतिहास म्हणून ते टिकत नाही, पण आग्रहाचा जोर कळतो.

म्हणून ख्रिस्ताचा अवतार समजावायला दशावतार घेणे मला फसवे वाटते. त्याहून जवळचा शेजारी पैठणला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी वेरूळ-पैठण परिसरात राहिले. त्यांच्या अनुयायांनी, म्हणजे महानुभावांनी, देवता आणि परमेश्वर यांत काटेकोर भेद केला, आणि समोर बसलेला, जेवणारा, चालणारा हा पुरुष साक्षात परमेश्वर आहे असे म्हटले. मग त्यांनी काय केले? 'लीळाचरित्र' लिहिले, ज्यात स्वामी कुठे निजले, काय बोलले, कुणावर रागावले हे बारीकसारीक नोंदले. 'स्थानपोथी'त जागांच्या दिशा टिपल्या. स्वामी बसले तिथे ओटे बांधले. आजही चरणांकित स्थानी लोक त्या ओट्यावर कपाळ टेकतात. हाताने शिवलेल्या, डोळ्यांनी पाहिलेल्या देवाविषयीची ही आस्था योहानाच्या वाचकाला लगेच ओळखू येईल.

आणि भेदही इथेच उघड होतो. महानुभाव परंपरेप्रमाणे भडोचच्या हरिपाळदेवाचे प्रेत स्मशानात असताना चांगदेव राऊळांनी त्यात प्रवेश केला, आणि तेच पुढे चक्रधर झाले. गर्भातून येणे हा अवताराचा एक मार्ग, मृताचा देह स्वीकारणे हा दुसरा. चौथ्या शतकात लाओदिकियाचा बिशप अपोलिनारिस जे सुचवत होता ते या दुसऱ्या मार्गाच्या फार जवळ जाते: देह माणसाचा, पण मनबुद्धीच्या जागी साक्षात लोगोस. ही सुटसुटीत मांडणी 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने नाकारली. नाझियान्झसच्या ग्रेगरीचे म्हणणे असे की, माणसाचे जे जे त्याने स्वीकारले नाही ते बरे झालेच नाही; मन स्वीकारले नसेल तर आपले मन तसेच आजारी राहिले. पाठ्यपुस्तकातून मला अपोलिनारिस कधी नीट उमगला नव्हता. हरिपाळदेवाच्या कथेने तो कळला. यात कोण श्रेष्ठ हा प्रश्न नाही. परंपरेप्रमाणे चक्रधर उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेले; येशू क्रुसावर मेला. दोन श्रद्धांच्या वाटा इथे फुटतात.

दुसऱ्या टोकाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या देवपणाविषयीचा, वाद तुलनेने प्रसिद्ध आहे. अलेक्झांड्रियाच्या एरियसने म्हटले, लोगोस श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला. 325 साली नायसीया इथे भरलेल्या परिषदेने तो पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. 2025मध्ये त्याला 1700 वर्षे झाली. 'एकतत्त्व' हा शब्द शास्त्रात नाही, हा तेव्हाचा मोठा आक्षेप. पंडिता रमाबाईंचा 1883मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर तिथे त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्यांनी हाच धागा धरला: त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व मला शास्त्रातून दाखवा, पाद्री सांगतो म्हणून मी मानणार नाही. पंधराशे वर्षांपूर्वीचा वाद एका मराठी बाईने पुन्हा नव्याने घातला. पुढे केडगावला त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून सगळे बायबल साध्या मराठीत आणले. वेदान्ती वळणाचे संस्कृत शब्द त्या मुद्दाम टाळत. 1922मध्ये मरणापूर्वी ते काम पुरे झाले. शब्दांची ही दक्षता त्यांना वादातूनच आली असावी, असे मला वाटते.

त्याच चौदाव्या वचनात दुसरा शब्द मात्र अचूक पडला आहे: 'वस्ती'. ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकणे, पाल टाकणे असा आहे. मराठवाड्यात वस्ती म्हणजे गावापासून सुटी असलेली घरे, आणि बरेचदा गावकुसाबाहेरची. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांतली कित्येक महार-मांग समाजातून, अशाच वस्त्यांमधून आलेली. देव आपल्या वस्तीला आला हे त्यांना टीकाग्रंथ न वाचता कळते. उपासनेत हीच गोष्ट शरीराने कबूल केली जाते: कॅथलिक मिस्सात नाताळाच्या दिवशी विश्वासांगीकारातल्या शब्द मानव झाल्याच्या ओळीला सगळे गुडघे टेकतात. एरवी बहुतेक वेळा नुसते वाकतात.

तेव्हा भाषांतर सुधारणाऱ्या मंडळींना एक विनंती. 'देही' काढू नका, पिढ्यांच्या तोंडी तो बसला आहे. पुढच्या आवृत्तीत पानाच्या तळाशी फक्त एवढी टीप घाला: मूळ शब्दाचा अर्थ मांस, म्हणजे हाडामांसाचा माणूस.