क्षणाहून लहान आयुष्य

बौद्ध आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोशात क्षण मोजून दिला आहे. १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा मुहूर्त आणि ३० मुहूर्तांची अहोरात्र. गणित मांडले तर क्षण भरतो सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाएवढा, म्हणजे सुमारे १३ मिलिसेकंद. त्या परंपरेत काळाचा हा सर्वांत लहान तुकडा.

ओगानेसन या मूलद्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ०.७ मिलिसेकंद आहे. वसुबंधूच्या क्षणाचा जेमतेम एकोणिसावा हिस्सा! इतक्यात जे येते आणि जाते, ते 'होते' असे म्हणायचे का?

रशियात व्होल्गाकाठच्या दुब्ना येथील प्रयोगशाळेत २००२ आणि २००५ मध्ये कॅलिफोर्नियमच्या पातळ थरावर कॅल्शियम-४८ च्या केंद्रकांचा मारा करण्यात आला. त्यांचा वेग प्रकाशाच्या सुमारे एक दशांश होता. ९८ प्रोटॉन अधिक २० प्रोटॉन, बेरीज ११८. चारावर एकोणीस शून्ये इतकी केंद्रके झाडल्यावर मिळाले तीन अणू. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेसह २००६ मध्ये हे जाहीर झाले आणि २०१६ मध्ये युरी ओगानेसियान या हयात शास्त्रज्ञाचे नाव त्या मूलद्रव्याला मिळाले.

'मिळाले' हा शब्द मात्र जपूनच वापरायला हवा. ते अणू कोणी पाहिले नाहीत. नोंद झाली ती त्यांच्या मरणाची. अल्फा कण बाहेर टाकून ११८ चे ११६ झाले, त्याचे ११४, कधी त्यापुढे ११२, आणि शेवटी केंद्रकच दुभंगले. प्रत्येक घटनेची ऊर्जा आणि वेळ यंत्राने टिपली, आणि त्या खुणांवरून माणसे उलट चालत मूळ पुरुषापर्यंत पोहोचली. धुरावरून अग्नी ओळखावा तसे. पण न्यायदर्शनाच्या तार्किकाने, म्हणजे नैयायिकाने, निदान स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिलेले असतात. इथे अग्नी कधीच दिसलेला नव्हता. तरी अनुमान टिकले, कारण वंशावळीतले ११६ क्रमांकाचे तेच केंद्रक वेगळ्या प्रयोगात, क्युरियमवर मारा करूनही तयार झाले होते आणि दोन्हीकडच्या खुणा जुळल्या. बर्कले येथे १९९९ मध्ये झालेला ११८ चा दावा मात्र खुणांच्या परीक्षेत पडला. मूळ नोंदींत ती साखळीच सापडेना, तेव्हा तो मागे घ्यावा लागला.

अस्तित्वाची किमान मुदत किती, हे रसायन आणि भौतिकी यांच्या आंतरराष्ट्रीय संघांच्या समितीने ठरवून टाकले आहे. सेकंदाचे कोटी भाग करावेत, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी. तेवढा वेळ केंद्रक टिकले तर ते मूलद्रव्य, कारण भोवती इलेक्ट्रॉन जमवायला साधारण तेवढा काळ लागतो. म्हणजे मोजमाप घड्याळाचे दिसले तरी विचारणा कृतीची आहे. अणू म्हणून वागायला याला सवड मिळाली का?

सातव्या शतकातल्या बौद्ध तार्किक धर्मकीर्तीची कसोटी इथे आठवते. जे काही घडवून आणू शकते ते सत्. त्याचे नाव अर्थक्रिया. त्याच्या परंपरेने याच कसोटीवरून युक्तिवाद उभारला की जे सत् आहे ते क्षणिकच असणार. मराठीत 'क्षणभंगुर' म्हटले की त्यात 'म्हणून फोल' हा निवाडा गृहीत धरलेला असतो. धर्मकीर्तीच्या वाटेने गेले तर तो निवाडा उलटतो. त्याच्या लेखी फोल ठरते ते जे नित्य म्हणवते आणि काही करीत नाही.

यावरून आधुनिक भौतिकी बौद्धांना आधीच ठाऊक होती, असा अर्थ कोणी काढू नये. विनाशाला बाहेरचे कारण लागत नाही हे बौद्ध मत किरणोत्सारी ऱ्हासाच्या फार जवळचे वाटते. हा ऱ्हास घडवायला कोणी धक्का द्यावा लागत नाही. पण बौद्धांच्या पदार्थाचे उपजताच मावळणे अटळ असते. ओगानेसनचा अणू तसा नाही. ०.७ मिलिसेकंदांत ऱ्हास पावण्याची शक्यता निम्मी, आणि तेवढ्यातून निभावला तरी पुढच्या ०.७ साठी पुन्हा निम्मीच. तो म्हातारा होत नाही. हा फरक पुसून टाकला तर दोन्ही विचारांवर अन्याय होतो.

शाळेतल्या आवर्तसारणीच्या तक्त्यावर रेडॉनखाली ११८ चा चौकोन कायम छापलेला असतो. आजवर त्या चौकोनात बसणारे अणू बोटांवर मोजण्याइतके निर्माण झाले, आणि हे वाचले जात असताना प्रयोगशाळांत त्यांतला एकही शिल्लक नाही. मग ते नाव कोणाचे? न्याय-वैशेषिक सांगेल, जातीचे, म्हणजे त्या प्रकाराचे. व्यक्ती नष्ट झाली तरी जाती नित्य असते. बौद्ध म्हणेल, जाती ही बुद्धीची रचना. खरे होते ते तेवढे अणू, एकेकटे. नैयायिक उदयनाचार्यांनी बौद्धांच्या क्षणभंगवादाविरुद्ध आत्मतत्त्वविवेक लिहिला त्यालाही हजार वर्षे होत आली. तक्त्यावरचा तो चौकोन अजून दोघांनाही आपलाच वाटेल.