न शोभणारा रंग

वारासिवनी हे बालाघाट जिल्ह्यातील हातमागाचे जुने गाव. तेथील साड्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या गावातील एका दुकानात काही काळापूर्वी आम्ही एक लहानसा प्रसंग पाहिला. एका सावळ्या मुलीने हळदी रंगाची साडी खांद्यावर धरली. सोबतच्या मावशी म्हणाल्या, ‘‘अगं, तुझ्या रंगाला हा पिवळा शोभायचा नाही.’’ दुकानदाराने फिकट बदामी साडी पुढे करून ‘यह रंग खिलेगा’ असा निर्वाळा दिला. मुलीने पिवळी साडी मुकाट्याने खाली ठेवली. कोणी कठोर बोलले नव्हते. तरीही तेथे काही अन्याय घडला, असे आम्हांला वाटत राहिले. तो कोणता, हे शोधण्याचा हा प्रयत्न.

प्रथम मावशींच्या बाजूने बोलले पाहिजे. रंगारंगांत मैत्री आणि वैर असते, ही केवळ समजूत नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल हा पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप बदलून टाकतात. उजळ रंगाशेजारी गडद रंग अधिक गडद भासतो. तेव्हा झळझळीत पिवळ्याशेजारी सावळी कांती अधिक सावळी दिसते, हे मावशींचे निरीक्षण खरेच आहे.

पण निरीक्षण आणि निवाडा यांत अंतर असते. ‘अधिक सावळी दिसते, म्हणून शोभत नाही’ असे म्हणताना मधली एक पायरी गाळली जाते : सावळे दिसणे हे उणे आहे. ती पायरी कोणी उच्चारीत नाही, कारण उच्चारताच तिचा पोकळपणा उघड होईल. पंढरीच्या सावळ्या विठ्ठलाला पीतांबर शोभत नाही, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. वधू गोरी असो वा सावळी, मांडवात तिला हळदच लागते. तेथे मंगल ठरणारा पिवळा दुकानात वैरी का व्हावा? रंग तोच, कांती तीच; बदलते ती पाहणाऱ्याची दृष्टी. एकीकडे ती वंदनाची असते, दुसरीकडे पारखीची.

मात्र मावशींना दोष देऊन आम्हांला मोकळे होता येत नाही. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात वर्ण कसा जोखला जातो, हे त्या जाणतात. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. परंतु डबीवरचे नाव बदलल्याने मावशींची धास्ती जाणारी नव्हती. त्यांचा सल्ला म्हणजे भाचीच्या हाती दिलेली ढाल होती. पण ढाल जन्मभर वागवावी लागली, की तिचेच ओझे होते.

मग वस्त्राचा रंग कोणासाठी? त्या बाबतीत इतरांचे आपण काहीच देणे लागत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. दुःखाच्या घरी भडक नेसून जाऊ नये. पण ते देणे प्रसंगाचे आहे, कांतीचे नव्हे. एके काळी केशवपन केलेल्या विधवेला तांबडे आलवण नेसावे लागे. तिने कसे दिसावे, हे इतरांनी ठरवलेले असे. न शोभण्याची ती सक्ती आणि शोभण्याची ही सक्ती, दोहोंचे मूळ एकच.

शिवाय, नेसणारीला स्वतःचा चेहरा दिसत नसतो. दिवसभर तिच्या नजरेसमोर असतो तो हातावर आलेला पदर आणि पावलांशी हलणाऱ्या निऱ्या. वस्त्राच्या रंगाचे सुख पहिल्याने तिचे आहे; चेहऱ्याशी तो रंग जुळतो की नाही, हा पाहणाऱ्यांचा प्रश्न.

न शोभणारा रंग मुद्दाम वापरावा, असा आमचा आग्रह नाही. केवळ लोकांना डिवचण्यासाठी तो नेसला, तर सूत्रे पुन्हा लोकांच्याच हाती जातात. आवडला म्हणून नेसता यावा, एवढेच. त्या दुपारी हे सांगण्याची संधी आम्हांलाही होती. आम्ही गप्प राहिलो. कारण तो पिवळा तिला शोभत नाही, असे त्या क्षणी आम्हांलाही वाटले होते.