अंगाकडे पाहणे



“आता वय झालं, चालायचंच.” चाळिशी ओलांडलेल्या आयाबायांच्या तोंडून हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. गुडघा दुखला, दम लागला, पाळी बंद होऊन वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा अंगावरून गेले, तरी उत्तर तेच. लेकराच्या अंगावरचा पुरळही जिच्या नजरेतून सुटत नाही, ती स्वतःच्या अंगाकडे मात्र पाहत नाही. पाहिले तर लोक नखरा म्हणतील, ही धास्ती.

शांता गोखले यांनी २०१९ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, आपले आयुष्य शरीराच्या आधाराने सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. शिकलेल्या बाईलाच हे जमते, असे म्हणून आपण सुटू नये.

आपलाच तालुका घ्या. १९८७ साली बार्शीत भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम तालुक्यांत गावोगाव गेले. पाळी गेल्यावर रक्त दिसणे, स्तनात गाठ येणे या लक्षणांविषयी ते बोलत आणि तपासणीला या म्हणत. गर्भाशयमुखाचा कर्करोग तेव्हा इथल्या बायकांत सर्वाधिक होता. काही वर्षांतच तो लवकरच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण वाढले, डॉ. कस्तुरी जयंत व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते प्रसिद्ध केले. म्हणजे बायकांना दिसत होतेच. ते सांगण्याजोगे आहे, एवढेच कोणी सांगितले नव्हते.

शरीर माझ्याजवळ असते, की मी शरीरच आहे, असा प्रश्न तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी केला. ते जुन्या पातेल्यासारखे नुसते जवळ असेल, तर पोचे आले तरी वापरत राहावे. मार्सेल यांना हे पटत नव्हते, आम्हालाही नाही. आरशात बाई बहुधा दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःला पाहते. (केस रंगवायला आमची हरकत नाही.) अंगात काय बदलले हे पाहणे वेगळे, तिथे साक्षीदार ती एकटीच. संत मार्कच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्राव सोसणारी स्त्री बरी झाली, हे भोवतीच्या गर्दीला कळले नाही. तिला ते आपल्या अंगात कळले.

पण सांगायचे कोणाला? नवऱ्याजवळ संकोच, सुनेजवळ कमीपणा, आणि दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. सोलापूर-बार्शी एसटी वैरागवरूनच जाते; पण त्या दिवशी घरी भाकरी कोण थापणार, हे ठरल्याशिवाय बाई तीत बसत नाही.