अमूर्त चित्र, दिवाणखाना आणि अलंकाराचा प्रश्न

घराच्या भिंतीवर अमूर्त चित्र सजावट म्हणून लावणे हा त्या चित्रावर अन्याय आहे काय, हा प्रश्न बहुधा अभिरुचीचा मानून बाजूला सारला जातो. सोफ्याच्या आणि पडद्यांच्या रंगाशी जुळणारा कॅनव्हास शोधत हिंडणाऱ्या ग्राहकाकडे पाहून जाणकार मंद स्मित करतात आणि चर्चा तेथेच संपते. पण या स्मितामागे एक नैतिक निवाडा दडलेला असतो. कलाकृतीचा साधन म्हणून उपयोग करणे गैर होय, तिच्याकडे साध्य म्हणूनच पाहिले पाहिजे, असा तो निवाडा आहे. तो कोणत्या आधारावर दिला जातो, आणि अमूर्त चित्राच्या बाबतीत तो अधिक कडकपणे का दिला जातो, हे तपासण्याजोगे आहे.

प्रथमच एक अडचण उभी राहते. कलेच्या स्वायत्ततेची परिभाषा ज्या सौंदर्यशास्त्राने घडविली, त्याच सौंदर्यशास्त्रात सजावटीला मानाचे स्थान आहे. ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’ या १७९० मधील ग्रंथात कांटने स्वायत्त आणि परायत्त सौंदर्य असा भेद केला. स्वायत्त सौंदर्याची उदाहरणे देताना फुले आणि पक्षी यांच्या जोडीला त्याने भिंतीला चिकटविण्याच्या कागदावरील वेलबुट्टीही घेतली. ही वेलबुट्टी कोणत्याही निश्चित संकल्पनेखाली येणाऱ्या वस्तूचे चित्रण करीत नाही, म्हणूनच ती स्वायत्त. राजवाडा, चर्च किंवा बागेतील घर यांचे सौंदर्य मात्र त्या वास्तूच्या प्रयोजनावर अवलंबून असते, म्हणून ते परायत्त. याच कांटने चित्राभोवतीच्या सोनेरी चौकटीला, ती केवळ आपल्या झगमगाटाने चित्राची शिफारस करीत असेल तर, खऱ्या सौंदर्याला बाधक ठरविले, हेही विसरता येत नाही. म्हणजे भिंतीचा कागद निर्दोष आणि चौकट दोषी! अमूर्त चित्र या दोहोंपैकी कशाच्या जवळ जाते, याचे उत्तर कांटकडे सरळ मागता येणार नाही. मात्र सजावटीचा तिरस्कार करणाऱ्यांना त्याचा निर्धास्त आधार मिळत नाही, एवढे निश्चित.

मराठी सौंदर्यविचारात ही अडचण अधिकच स्पष्ट होते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाची उपपत्ती मांडली. ती चित्रकलेला लावून पाहिली, तर चित्र कशाचे आहे हा प्रश्न गौण ठरतो आणि रंगारंगांतील संबंध प्रमुख ठरतात. परंतु हे संबंध इरकली लुगड्याच्या काठातही असतात आणि उत्तम मांडलेल्या दिवाणखान्यातही. भिंतीवरचा निळा रंग गालिच्यातील गेरूशी विरोध साधतो की संवाद, असा विचार करणारा ग्राहक हा नकळत झालेला मर्ढेकरवादीच म्हटला पाहिजे. त्याला हसणारा जाणकार स्वतः रूपवादी असेल, तर त्याच्या हसण्याला तात्त्विक अधिष्ठान उरत नाही. त्याने फार तर एवढेच म्हणावे की या ग्राहकाने चित्राची चौकट दिवाणखान्याएवढी मोठी केली.

खुद्द अमूर्त चित्रकारांना या धोक्याची जाणीव प्रथमपासून होती. निसर्गाशी असलेले बंध अकाली तोडून केवळ रंग आणि आकार यांची जुळणी करीत गेल्यास हाती नेकटाय किंवा गालिचा यांच्या तोडीची नक्षी येईल, असा इशारा कॅन्डिन्स्कीने कलेतील आत्मिकतेवरच्या आपल्या ग्रंथात १९११ च्या सुमारासच दिला होता. या भीतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण रॉथ्कोचे आहे. न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतील ‘फोर सीझन्स’ या महागड्या उपाहारगृहासाठी भित्तिचित्रे करण्याचे काम त्याने १९५८ मध्ये स्वीकारले. पुढच्या वर्षी तेथे जेवून आल्यावर त्याने करार मोडला आणि पैसे परत केले. त्यातील नऊ चित्रे त्याने पुढे लंडनच्या टेट गॅलरीला दिली. ती तेथे पोचली तो दिवस, २५ फेब्रुवारी १९७०, त्याच्या मृत्यूचाच होता. ही कथा बाजारावर कलेने मिळविलेला नैतिक विजय म्हणून सांगितली जाते. ती तशी सांगताना एक तपशील गळतो. श्रीमंत जेवणाऱ्यांची भूक मारून टाकतील अशी चित्रे काढण्याचा आपला हेतू असल्याचे रॉथ्कोने १९५९ मध्ये बोटीवरच्या एका सहप्रवाशाला सांगितले होते, आणि या सहप्रवाशाने, जो व्यवसायाने संपादक होता, ते नंतर प्रसिद्ध केले. यावर विश्वास ठेवायचा, तर रॉथ्कोची तक्रार उपाहारगृह ही हलकी जागा आहे, अशी नव्हती. तेथे कोणाचीही भूक मरणार नाही, हे त्याला कळून चुकले होते. चित्राने बघणाऱ्याकडे काही मागावे आणि बघणाऱ्याने ते ऐकूही नये, हे त्याला असह्य झाले असावे.

येथे प्रश्नाचे खरे स्वरूप दिसू लागते. दोष सजविण्यात असता तर पूर्वीच्या मराठी घरातील भिंतही दोषी ठरली असती, कारण ती रिकामी क्वचितच असे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढल्यानंतर लक्ष्मी आणि सरस्वती तसबिरींच्या रूपाने सामान्य घरांपर्यंत पोचल्या. त्यांच्या शेजारी हार घातलेले आजोबा असत, कोठे छत्रपती शिवाजी महाराज, कोठे गाडगेबाबा, तर १९५६ च्या धर्मांतरानंतर बुद्ध आणि बाबासाहेब. या तसबिरींचे कलामूल्य काहीही असो, त्या आलेल्या माणसाला काहीतरी सांगत. या घरात कोण राहते, ते कोणाला नमस्कार करते, कोणाच्या जाण्याचे दुःख अद्याप वागवते, हे भिंत बोलून दाखवी. सदनिकेच्या दिवाणखान्यात ही भिंत मुकी झाली. देव देव्हाऱ्यात गेले, आजोबा आतल्या खोलीत गेले, आणि मोकळ्या झालेल्या जागी रंगांचे पट्टे आले. अमूर्त चित्र तेथे आले ते बहुधा त्याला काही म्हणायचे आहे म्हणून नव्हे. त्याला काहीच म्हणायचे नाही, अशा समजुतीने ते आणले गेले.

हा मुकेपणा सर्वांना सारख्याच किमतीत मिळत नाही, ही गोष्ट सौंदर्यमीमांसकांच्या सहसा ध्यानात येत नाही. अभिरुची हे वर्गीय वेगळेपण राखण्याचे हत्यार असते, हे बोर्द्यूने १९७९ मध्ये फ्रान्सच्या संदर्भात सविस्तर दाखविले. आपल्याकडे त्यात जात मिसळते. ज्या कुटुंबाच्या तसबिरींविषयी शेजारपाजाऱ्यांनी कधी भुवई उंचावली नाही, त्याच्या लेखी तसबीर उतरवून अमूर्त चित्र लावणे ही निव्वळ सुधारलेली अभिरुची असते. सवर्ण वस्तीत घर घेणाऱ्या एखाद्या दलित कुटुंबाने बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत नेऊन दर्शनी भिंतीवर तोच तांबड्या-करड्या रंगाचा कॅनव्हास लावला, तर ती कृती तीच राहत नाही. तेथे चित्र संरक्षण देते आणि त्या संरक्षणाचे मोलही वसूल करते. चित्र तेच, भिंतीचा आकार तोच, परंतु एका घरात ते नाव सांगण्याची गरज नसल्याची खूण आहे आणि दुसऱ्यात नाव लपविण्याची. केवळ घाटाचा विचार करून या दोन भिंतींतील फरक सांगता येणार नाही. तो सांगण्यासाठी रा. भा. पाटणकरांनी ज्याला लौकिकतावाद म्हटले त्या ध्रुवाकडे सरकावे लागते, मग अलौकिकतावाद्याला ते कितीही अप्रिय असो.

याउलट वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकाराचे मौन आहे. स्वतःच्या कामाला अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे त्यांना पसंत होते. आरंभीच्या काळात त्यांनी मानवाकृती रंगविल्या होत्या. त्या गळून पडल्या त्या अनेक वर्षांच्या कामातून. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे, ही त्यांची रीत होती, आणि वर्षाकाठी हातून उतरणारी चित्रे अगदी थोडी असत. काहीतरी गाळून आलेले हे मौन आणि काही बोलावे लागू नये म्हणून विकत आणलेले मौन लांबून सारखेच दिसते. गायतोंड्यांचे १९७९ मधील एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. त्यामुळे ही विशिष्ट संदिग्धता सामान्य दिवाणखान्यापुरती तरी मिटली, असे म्हणायला हरकत नाही. तेथे आता लांबी-रुंदीच्या मापाने मिळणारे छापील कॅनव्हास असतात.

तरीही घराविरुद्ध निकाल देण्याची घाई करू नये. संग्रहालयात गायतोंड्यांचे चित्र स्थिर, मोजक्या प्रकाशात पाहावे लागते आणि प्रेक्षक चार-दोन मिनिटांत पुढे सरकतो. थरांमागचे थर दिसण्यासाठी जो बदलता उजेड आणि जी पुनरावृत्ती लागते, ती घरातच असते. सकाळचे तिरपे ऊन, पावसाळ्यातील दुपारची काळोखी, आजारपणात नाइलाजाने समोरच्या भिंतीकडे लागलेली दृष्टी, यांची सोय कोणत्याही कलादालनाला करता येत नाही. सवयीने डोळा बोथट होतो, हे खरे. पण सवयीवाचून काही चित्रे उघडतच नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

संस्कृत काव्यशास्त्रात अलंकार या शब्दाचा प्रवास येथे उपयोगी पडतो. वामनाने तो सौंदर्य या व्यापक अर्थानेही वापरला. मम्मटापर्यंत येता येता तो देहावरच्या हारासारखा, असला तर शोभा वाढविणारा, झाला. आनंदवर्धनाने मधला निकष दिला : रसात गुंतलेल्या कवीला ज्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, तोच खरा अलंकार. खरेदीच्या दिवशी ग्राहकाचा हेतू काय होता, याला या निकषावर फारसे महत्त्व उरत नाही. सोफा दहा-बारा वर्षांत बदलतो. त्याच्याबरोबर चित्रही उतरविले गेले, तर ते हारच होते. पण कधी चित्र तसेच राहते, नव्या सोफ्याचे कापड निवडताना घरातील माणसे आधी भिंतीकडे पाहतात, आणि एखाद्याला खुर्ची थोडी सरकवून बसावीशी वाटते. तेथे अलंकार्य कोण आणि अलंकार कोण, हे उलटलेले असते, आणि बहुधा ते नेमके कोणत्या वर्षी उलटले हे त्या घरालाही सांगता येत नाही.