दान आणि धोरण

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना रेशनवरचा तांबडा अमेरिकन गहू आठवत असेल. १९६५-६६ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी तो हात आखडून, महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडला. भारताने शेतीधोरण बदलावे हा त्यांचा आग्रह होताच. शिवाय व्हिएतनाम युद्धावरील आपली टीका त्यांना खुपत होती. पोटे भरली, पण घास बोचला.

आज भारत स्वतः दाता आहे. २० जानेवारी २०२१ रोजी पुण्यात तयार झालेल्या लशीचे १ लाख डोस मालदीवला भेट म्हणून गेले. त्यात शेजारधर्म होता आणि हिंदी महासागरातील चीनच्या वावराची काळजीही होती. डाव्या हाताला उजव्याचे दान कळू नये, ही प्रभू येशूची शिकवण. जनतेचा पैसा खर्चणाऱ्या सरकारला ती पेलणे कठीण, आणि हिशेब ठेवणे हे काही पाप नव्हे.

खरी परीक्षा होते ती घेणारा 'नाही' म्हणतो तेव्हा. २०२४ मध्ये मालदीवने भारतीय सैनिकांना परत पाठवले. त्याच मे महिन्यात भारताने त्याच्या ५ कोटी डॉलरच्या ट्रेझरी बिलाची मुदत वर्षभर वाढवून दिली. यातही मुत्सद्देगिरी असेल, असणारच. तरीही रुसलेल्या शेजाऱ्याच्या ताटातला घास आपण ओढला नाही, आणि मला ते लशीच्या भेटीहून मोठे वाटते.